हाताला चुकू देणारी वस्तू

वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकाच्या दिवाळी अंकात विज्ञानकेंद्रांतल्या वस्तूंची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न मला गैरवाजवी वाटणार नाही. आपल्याकडे समीक्षा म्हणजे पुस्तकांची. फार तर नाटकाची आणि चित्रांची. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर असा एक रचनाप्रकार वाढीस लागला आहे की ज्याला कर्ता आहे, माध्यम आहे, परंपरा आहे, ज्यात बरेवाईट निवडता येते आणि ज्याचा अनुभव लक्षावधी माणसे घेतात. नाही ती फक्त समीक्षा. वस्तू मोडकी निघाली तर आपण कुरकुर करतो. चालू निघाली तर ‘मुलांना मजा आली’ एवढे म्हणून फाटकाबाहेरच्या भेळवाल्याकडे वळतो. ती वस्तू रचना म्हणून चांगली होती की वाईट, आणि ते कशावरून, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

मी बोलतो आहे ते हाताळायच्या, ओढायच्या, फिरवायच्या, कान लावून ऐकायच्या, प्रसंगी आत शिरून सरपटत जायच्या वस्तूंबद्दल. त्यांना मराठीत रुळलेले नाव नाही. या लेखापुरते मी त्यांना ‘प्रयोगवस्तू’ म्हणतो. शब्द जरा ओबडधोबड आहे हे खरे. पण ‘प्रदर्शनीय वस्तू’ म्हटले की काच आठवते, आणि काच नसणे हेच तर या प्रकाराचे पहिले लक्षण.

जुन्या संग्रहालयाचा सारा कायदा एका पाटीत सामावलेला असे : वस्तूंना हात लावू नये. त्यामागे वस्तूच्या रक्षणाची रास्त काळजी होती, पण तिच्या आडून एक तत्त्वज्ञानही उभे होते. पाश्चात्त्य सौंदर्यविचाराने डोळा आणि कान यांना वरच्या आसनावर बसवले. हेगेलने तर गंध, चव आणि स्पर्श यांना कलेच्या प्रांतातून सरळ बाहेर काढले. जे घ्यायचे ते दुरून घ्यावे, चाचपून पाहणे हे अडाण्याचे लक्षण, अशी ही वृत्ती. तिला पहिला मोठा धक्का म्यूनिकच्या डॉइचेस म्यूझियमने दिला. ओस्कार फोन मिलर या अभियंत्याने १९०३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत यंत्रे नुसती मांडून ठेवलेली नव्हती, ती चालत. पाहणाऱ्याने दांडा फिरवावा किंवा बटण दाबावे आणि यंत्राने आपली करामत दाखवावी. पॅरिसला १९३७ साली ‘पाले द ला देकूव्हेर्त’ उघडले आणि तेथे लोकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग होऊ लागले. काच गेली, बटण आले. ही प्रगती खरी. पण बटण दाबणे आणि हाताने काही करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे नीट उमगायला आणखी तीसेक वर्षे जावी लागली.

ते ज्याला सर्वांत स्पष्टपणे उमगले तो माणूस म्हणजे फ्रँक ओपनहायमर. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेचा प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर याचा हा धाकटा भाऊ. स्वतः पदार्थवैज्ञानिक, आणि अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेला. पूर्वी आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतो असे १९४९ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितल्यावर त्याला मिनेसोटा विद्यापीठातली जागा सोडावी लागली, आणि पुढची कित्येक वर्षे त्याने कोलोराडोच्या डोंगराळ मुलुखात गुरे पाळून काढली. तेथल्या लहानशा गावच्या शाळेत तो शिकवू लागला तेव्हा मुलांना गावच्या भंगारात घेऊन जाई आणि तिथल्या मोडतोडीवरून त्यांना यंत्रशास्त्र, उष्णता, वीज समजावून देई. चरित्रातला हा तपशील मी उगाच सांगत नाही. १९६९ मध्ये सान फ्रान्सिस्कोत, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सच्या प्रचंड दालनात त्याने ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडले, तेव्हा त्या संस्थेच्या अंगाला भंगाराचा तो वास चिकटलेलाच होता. वस्तू जेथे तयार होत आणि मोडल्या की दुरुस्त होत तो कारखाना तळघरात दडवलेला नव्हता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. समजावून सांगायला पंडित नव्हते, शाळाकॉलेजातली मुले होती. आणि आपल्या वस्तू कशा बनवाव्यात याच्या कृती या संस्थेने १९७५ पासून चक्क ‘कुकबुक’ या नावाने छापून जगाला देऊन टाकल्या. स्वामित्वाची हौस असलेल्या आपल्या काळात हे औदार्य विलक्षणच म्हटले पाहिजे. २०१३ मध्ये संस्था बंदरावरच्या नव्या जागेत गेली. पण मूळ कल्पना तीच राहिली.

या परंपरेतली एकच वस्तू निवडून तिच्यावर बोलायचे झाले तर मी एक लंबक निवडीन. एक जड वजन वरून लोंबते आहे. भोवती दोऱ्या आहेत आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक लहानसे, अगदी दुबळे लोहचुंबक. चुंबक वजनाकडे टाकावे, ते चिकटते. मग दोरी ओढून वजन हलवावे. एवढेच. येणारा माणूस, विशेषतः धट्टाकट्टा पुरुष, प्रथम काय करतो? जोराने ओढतो. चुंबक सुटून हातात येते. पुन्हा टाकतो, पुन्हा ओढतो, पुन्हा सुटते. मग केव्हातरी, थकून किंवा कंटाळून, तो हलकेच ओढतो आणि वजन किंचित, दिसेल न दिसेल इतके, सरकते. ते परत दूर जाऊ लागले असता ओढले तर चुंबक सुटते. आपल्याकडे येऊ लागले असता ओढले तर टिकते. पाच-दहा मिनिटांत त्या माणसाच्या हाताला एक ताल सापडतो आणि ते अवजड धूड मोठमोठे झोके घेऊ लागते. शास्त्राच्या भाषेत याला अनुनाद म्हणतात : लंबकाच्या स्वतःच्या आंदोलनाशी जुळणारा प्रत्येक लहान हिसका आपली थोडी ऊर्जा त्यात जमा करीत जातो. आपल्या घरांतून पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून हाताने भाजी निवडणाऱ्या बायकांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या अंगठ्याला ते ठाऊक होते.

ही रचना मला श्रेष्ठ का वाटते? ती तत्त्व दाखवते म्हणून नव्हे. अनुनाद फळ्यावरही दाखवता येतो. ती श्रेष्ठ आहे याचे कारण तिने चुकीला जागा ठेवली आहे, आणि ती चूक चूक आहे हे सांगायला मास्तर ठेवलेला नाही. चुंबक सुटते, बस्स. चुंबक जरा जोरकस केले असते तर वस्तू बिघडली असती. कोणीही ओढून वजन हलवले असते आणि काहीच न शिकता पुढे गेला असता. त्या दुबळेपणाचे माप ठरवणे हीच कर्त्याची कला. मर्ढेकरांनी लयतत्त्वाचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी मांडली. तिचा लंबकाशी सरळ सांधा जोडणे धोक्याचे आहे आणि मी तो जोडणार नाही. पण विरोध हा लयीचा शत्रू नसून घटक असतो हे ज्याने कवितेत ओळखले, त्याला हे निसटणारे चुंबक पाहून नवल वाटले नसते.

चुकीची सोय वस्तूतच करून ठेवण्याची ही युक्ती अर्थात ओपनहायमरची नव्हे. माँटेसोरीबाईंच्या बालशाळेत भोकांत बसवायचे लाकडी दंडगोल असतात. एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक दंडगोल आणि एक भोक जुळेनासे होते आणि मुलाला बाईंकडे न बघता कळते की कुठेतरी बिनसले. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात या पद्धतीला शंख-शिंपले, बिया आणि खडे यांचे देशी रूप दिले. त्या कामाची वाखाणणी आपण समाजसेवा म्हणून पुष्कळ केली. रचनाकला म्हणून तिच्याकडे पाहिले मात्र नाही.

आता बटणाकडे वळतो. आपल्या देशातल्या एका मोठ्या शहरातले विज्ञानकेंद्र मी गेल्या काही वर्षांत तीन-चारदा पाहिले. नाव घेत नाही, कारण दोष एकाचा नाही. एका दालनात मी बटणे मोजली. चाळीसच्या वर भरली. त्यांतली निम्मी दाबूनही काही होत नव्हते. परंतु मला खटकले ते हे नव्हे. यंत्र म्हटले की बिघडायचेच. खटकले ते चालू असलेल्या बटणांमुळे. मुलांची एक रांग भिंतीच्या कडेने धावत होती आणि वाटेत येईल ते बटण तळहाताने ठोकीत होती. दिवा लागे, चक्र फिरे, मागे वळून कोणी पाहत नसे. गुरुजी ‘चला, चला’ करीत होते. त्या मुलांना मी दोष देत नाही. ज्या कृतीत चुकण्याची शक्यता नाही त्या कृतीकडे लक्ष द्यायचे कारणच उरत नाही. बटण नेहमी बरोबर असते. त्या बटणांच्या जागी अलीकडे काचेचे पडदे आले आहेत; त्यांवर बोट फिरवले की ग्रह फिरतात, हृदय धडधडते. शनी ढकलला काय आणि रक्ताचा थेंब ढकलला काय, बोटाला दोन्ही सारखेच गुळगुळीत लागतात. काच गेली असे मी वर म्हटले. ती या वाटेने परत आली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. फिरत्या स्टुलावर बसून गरगरणारे सायकलचे चाक दोन्ही हातांत धरले आणि ते आडवे करू गेले की स्टूल आपल्याला घेऊन उलट्या दिशेने फिरू लागते. विज्ञानकेंद्रांतली ही फार लाडकी वस्तू. मनगटाला जो अदृश्य विरोध जाणवतो तो एकदा जाणवला की विसरत नाही. पण त्यातून मुलाला कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम कळला काय? मुळीच नाही. त्याला चक्कर आली आणि हसू आले. तेव्हा ही सारी जत्रा असून शिक्षणाचे केवळ सोंग आहे, असे म्हणणारे विद्वान मला भेटले आहेत. माझे म्हणणे असे की वस्तूने नियम शिकवावा ही अपेक्षाच चुकीची. पुढे कधी वर्गात तो नियम त्याच्यापुढे येईल तेव्हा त्या शब्दांना टेकायला मनगटातली ती ओढ असेल. ज्याच्यापाशी ती नाही त्याला तो नियम पाठ करावा लागेल. शब्द आणि अनुभव यांच्या या नात्याची ओळख वाङ्मयाच्या वाचकाला नव्याने करून द्यायला नको.

मात्र ‘शरीराला सारे कळते’ असा जो एक भाबडा सूर या चळवळीत ऐकू येतो, त्याच्याशी मी सहमत नाही. तीन पातेल्यांचा प्रयोग घ्या. एकात सोसेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवून मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात बुडवावे. एक हात सांगतो पाणी गार, दुसरा सांगतो गरम. सतराव्या शतकात लॉकने हे उदाहरण तत्त्वज्ञानात आणले, आणि आज ते कोणाच्याही मोरीत करता येते. किंवा नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावरून उतरून लादीवर पाय ठेवा. लादी बर्फासारखी लागते, पाट उबदार. वास्तविक रात्रभर एकाच खोलीत पडलेल्या त्या दोन्हींचे तपमान सारखेच असते. लादी तळव्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि लाकूड सावकाश, एवढाच फरक. म्हणजे आपली त्वचा तपमान मोजीत नसून उष्णता किती वेगाने जाते-येते ते मोजते. आयुष्यभर त्वचेने आपल्याला एक सांगितले आणि आपण दुसरेच ऐकले. शरीर स्वतःच चुकते आणि स्वतःच्या चुकीचे साक्षीदार होते, अशी संधी जी वस्तू देते ती मला सर्वांत वरच्या दर्जाची वाटते.

या दर्जाच्या दोन वस्तू एक्सप्लोरेटोरियममध्ये आहेत. पहिली ‘टॅक्टाइल डोम’, म्हणजे संपूर्ण अंधाराचा एक घुमट, ज्यातून हाताने चाचपत, घसरत, सरपटत वाट काढायची. १९७१ साली तो रचला ऑगस्ट कोपोला यांनी, आणि हे गृहस्थ तौलनिक साहित्याचे प्राध्यापक होते! वाङ्मयाच्या अभ्यासकाला स्पर्शाचे काव्य रचावेसे वाटावे आणि एका विज्ञानसंस्थेने त्याला ते रचू द्यावे, हे दोन्ही सुखद आहे. डोळस माणूस त्या घुमटात पहिली काही मिनिटे अगदी दीन होतो. अंध माणूस तेथे वाटाड्या होऊ शकेल. शरीर सर्वांचे एकसारखे असते असे धरून चालणाऱ्या रचनाकारांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

दुसरी वस्तू म्हणजे पाणी पिण्याचा एक नळ. पाणी पिण्याचेच, स्वच्छ. फक्त त्याची कारंजी बसवली आहे ती संडासाच्या एका कोऱ्या, कधीही न वापरलेल्या भांड्यात. येणाऱ्याला हे सारे ठाऊक असते. बुद्धी सांगते, पी. मान खाली वाकते आणि ओठ मागे फिरतात. बरेच जण हसतात, काही पितात, काही दुसऱ्याला प्यायला लावून मजा पाहतात. मीही वाकलो आणि प्यालो. पाण्याला चव नव्हती आणि घशाला ती होती. या वस्तूत फिरणारे चाक नाही, लंबक नाही. किळस ही शरीरात इतकी खोल बसलेली गोष्ट ज्ञानाला जुमानीत नाही, एवढेच ती दाखवते.

ही वस्तू पाहून मला महाडच्या चवदार तळ्याची आठवण होणे अपरिहार्य होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, आणि नंतर स्पृश्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. कोणत्या स्पर्शाने पाणी बाटते आणि कोणत्या द्रव्याने पवित्र होते हे तेथे बुद्धी ठरवीत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले ओठ आणि हात ठरवीत होते. ज्या समाजात हे घडले त्या समाजाच्या विज्ञानकेंद्रांत त्या नळासारखी एक तरी वस्तू असावी, असे मला मनापासून वाटते. मी पाहिलेल्या केंद्रांत ती मला आढळली नाही. कोलकात्यात १९५९ मध्ये बिर्ला संग्रहालय सुरू झाले, १९७८ मध्ये विज्ञान संग्रहालयांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, मुंबईत वरळीला १९७९ साली मुलांचे विज्ञान उद्यान आणि १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र उभे राहिले. हे कार्य लहान नव्हे. गावोगावच्या मुलांनी पहिली दुर्बीण, पहिला वक्र आरसा तेथेच पाहिला. पण आपण चाक घेतले, आरसा घेतला, लंबक घेतला, आणि जेथे स्वतःचेच शरीर संशयाच्या पिंजऱ्यात उभे राहते ती वस्तू तेवढी मागे ठेवली. विज्ञानदृष्टी निर्माण करावयाची असे आपण म्हणतो. ती चंद्राच्या कलांबाबत निर्माण करणे सोपे, घागरीबाबत अवघड.

पाटीबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण चांगल्या वस्तू पाट्यांनी मारल्या जातात. एक्सप्लोरेटोरियमची रीत अशी की आधी काय करून पाहावे आणि काय ध्यानात घ्यावे ते सांगायचे, काय घडते आहे ते मागाहून. आपल्याकडे बहुधा प्रथम व्याख्या, मग शोधकाचे नाव, मग सूत्र, आणि तळाशी बारीक अक्षरांत कृती. कवितेआधी रसग्रहण छापावे तसे हे झाले. पुढे तर त्या संस्थेने असेही तपासले की, एकच ठरावीक आश्चर्य दाखवून उलगडा करणाऱ्या वस्तूंपाशी लोक सरासरी मिनिटभर रेंगाळतात, आणि ज्यांत स्वतःच प्रश्न काढून स्वतःच खेळत राहता येते त्यांच्यापाशी तीन मिनिटांहून अधिक. तीन मिनिटे म्हणजे काय मोठे, असे वाटेल; पण चित्रासमोर आपण स्वतः किती वेळ उभे राहतो ते घड्याळ लावून पाहावे.

वास्तविक रेंगाळायला लावणाऱ्या रचना आपल्या भूमीला अपरिचित नाहीत. जयपूरच्या जंतरमंतरातले सवाई जयसिंगाचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि त्या आकारामुळे त्याची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. तिच्या कडेशी बोट टेकवून उभे राहिले की सावली बोटावर चढताना दिसते. पृथ्वीचे फिरणे डोळ्यांदेखत बोटावरून जाते. तेथे बटण नाही आणि घाई करून काही मिळत नाही. विजापूरच्या गोलघुमटात, १६५६ पासून, सुमारे ३८ मीटर पलीकडच्या भिंतीशी केलेली कुजबुज ऐकू येते. पण सज्जात शिरणारा जो तो ओरडतो आणि स्वतःच्याच गोंगाटात कुजबुज हरवून बसतो. दोष घुमटाचा नाही. फक्त तेथे मोठ्याने बोलणे ही चूक आहे हे घुमटाला आपणहून सांगता येत नाही, लंबकाच्या चुंबकाला येते.

आणि हे सारे करायला सान फ्रान्सिस्कोचा पैसा लागतो असेही नाही. पुण्याला आयुकाच्या आवारात, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचे ऋण नावातच मिरवणाऱ्या ‘पुलस्त्य’ इमारतीत, मुक्तांगण विज्ञानशोधिका आहे. अरविंद गुप्ता यांनी तेथे अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि मुलांकडून करवून घेतली. त्यांतले माझे आवडते खेळणे म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीच्या तुकड्यांनी तीन काड्या जोडल्या की त्रिकोण होतो, चार जोडल्या की चौकोन. चौकोन बोटाने दाबला की लगेच कलतो, आडवा होतो. त्रिकोण दाबला तर काडी मोडेल पण आकार बदलत नाही. पुलाच्या सांगाड्यात आणि कौलारू घराच्या कैच्यांत त्रिकोणच का असतात, हे मग निराळे सांगावे लागत नाही. एखादा मुलगा स्वतःच चौकोनाला कर्णरेषेवर पाचवी काडी लावून पाहतो. ती आखूड पडते. तो दुसरी काडी घेतो, तीही आखूडच पडते, कारण कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो. मग तो लांब काडी शोधायला केरसुणीकडे जातो.